आमच्या गावचे दूध आणि आम्ही मुले

(इयत्ता चौथी, परिसर अभ्यास. दूध गटातर्फे)



या महिन्यात गुरुजींनी आमच्या वर्गाला ‘आपले अन्न’ हा विषय दिला. प्रत्येक गटाने एक-एक पदार्थ निवडला. कुणी भात, कुणी गूळ, कुणी ज्वारी. आमच्या गटाने दूध निवडले. आपला कोल्हापूर जिल्हा दुधासाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्या गावात तर घरटी एखादी म्हैस असतेच. म्हणून आम्हांला वाटले, हा विषय सोपा आहे. पण घराघरांत, डेअरीत आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारत गेलो तसतसे पुष्कळ नवीन कळले. ते मी खाली लिहिले आहे.

दूध कुठून येते आणि कुठे जाते?

पहाटे आई गोठ्यात जाते. म्हशीला आंबोण ठेवते. आधी रेडकू सोडते. रेडकाने ढुशा दिल्या की म्हैस पान्हा सोडते. मग कास धुऊन आई धार काढते. आमच्या म्हशीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. बाबा गेले तर ती लाथ मारते.

दूध काढले की ते किटलीत ओततात आणि डेअरीला घालतात. डेअरीत काटा असतो. तेथे थोडे दूध मशीनला लावतात आणि लगेच पावती मिळते. तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. फॅट म्हणजे दुधातला लोण्या-तुपाचा भाग. पाणी आणि फॅट सोडून दुधात जे काही उरते, ते एसएनएफ. या दोन आकड्यांवर दर ठरतो. पूर्वी फॅट काढायला काचेच्या नळीत दूध आणि तेजाब घालून ती यंत्रात गरगर फिरवत. तेव्हा वेळ लागायचा.

मग दूध थंड करतात आणि टँकरने संघाकडे जाते. आपल्या जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ साली सुरू झाला. त्यालाच सगळे ‘गोकुळ’ म्हणतात. तेथे दूध तापवून लगेच थंड करतात. सुमारे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले की रोगजंतू मरतात. या रीतीला पाश्चरायझेशन म्हणतात, कारण फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ती शोधली. मग पिशव्या भरतात. त्या कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे जातात.

म्हणजे आमच्या म्हशीचे दूध मुंबईची मुले पितात. हे ऐकून वर्गातल्या सगळ्यांना मौज वाटली.

वर्गात आम्ही काय विचारले?

गुरुजींनी सांगितले, नुसती माहिती लिहू नका, आपल्या वर्गालाही विचारा. म्हणून आम्ही हात वर करायला लावून प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : दुधापासून काय-काय होते? याची उत्तरे भराभरा आली. दही, ताक, लोणी, तूप, खवा, पेढा, बासुंदी, श्रीखंड, खरवस, पनीर, आईस्क्रीम. फळा भरला.

दुसरा प्रश्न : त्यांतले काय आवडते? सर्वांत जास्त हात श्रीखंडाला आणि आईस्क्रीमला. मग खरवसाला. तूप कढवल्यावर तळाशी उरणाऱ्या बेरीला पण पुष्कळ हात होते. साखर घालून बेरी खाण्यावरून घरोघरी भांडणे होतात असे कळले. नुसत्या दुधाला हात थोडेच आले. काही जणांनी सांगितले, दुधाचा वास आवडत नाही. काही म्हणाले, साय आली की नको वाटते.

तिसरा प्रश्न : काल पेलाभर दूध कोण-कोण प्यालं? वर्ग एकदम गप्प झाला. इकडून-तिकडून थोडे हात वर आले.

चौथा प्रश्न : आज सकाळी चहा कोण-कोण प्यालं? जवळजवळ सगळा वर्ग.

गुरुजींनी मग विचारले, ‘‘ज्यांच्या घरी दुभती म्हैस आहे, त्यांनी हात वर करा.’’ खूप हात वर झाले. त्यांतले बरेच जण चहावालेच होते. गुरुजी काही बोलले नाहीत. ‘‘हे का झालं ते घरी विचारून या,’’ एवढेच म्हणाले.

घरी काय सांगितले?

माझी आजी म्हणाली, ‘‘दूध डेरीला आन् पोरं च्याला. सगळीकडं असंच हाय बघ.’’ तिने सांगितले की तिच्या लहानपणी गावात डेअरी नव्हती. घरात रोज दह्याचे मडके असे आणि सकाळी रवीचा आवाज येई. लोणी-तूप बाजारात जाई, पण ताक कुणी विकत नसे. ज्यांच्या घरी दुभते नसे, त्यांची मुले तांब्या घेऊन येत आणि ताक घेऊन जात. कुणी त्याचे पैसे मागत नसे.

मी आईला विचारले, ‘‘मग आपण आता दूध का ठेवत नाही?’’ आई म्हणाली, ‘‘दर दहा दिवसांनी बिल मिळतं. त्यातून पेंड येते, किराणा येतो, बचत गटाचा हप्ता जातो. तुझ्या वह्या कुठून येतात?’’ दिवाळीला डेअरीतून फरक मिळतो, त्यात आम्हां सगळ्यांना कपडे येतात. हेही खरेच आहे. ऊस वर्षातून एकदा जातो आणि त्याचे पैसे उशिरा येतात. दुधाचे पैसे मात्र महिन्यातून तीनदा येतात. म्हणून दूध विकणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

पण आम्हांला एक गंमत दिसली. म्हैस व्याली की पहिल्या काही दिवसांचे दूध घट्ट आणि पिवळसर असते. त्याला चीक म्हणतात. चीक डेअरी घेत नाही, कारण तापवला की तो फाटतो. त्यामुळे चीक घरी राहतो आणि त्याचा खरवस होतो. गूळ-वेलदोडा घातलेला खरवस वाटीवाटीने गल्लीत फिरतो. सगळ्या पोरांना मिळतो. म्हणजे डेअरी जे घेत नाही, ते आमच्या पोटात जाते! मात्र चिकावर पहिला हक्क रेडकाचा असतो. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत तो पोटात गेला तरच रेडकाला रोगांशी लढायची ताकद येते. रेडकाचे पोट भरून जे उरेल, त्याचाच खरवस करावा.

दुधात असते तरी काय?

दुधात सर्वांत जास्त असते ते पाणी. गाईच्या दुधाचे १०० भाग केले तर त्यात सुमारे ८७ भाग पाणी असते. म्हशीच्या दुधात पाणी थोडे कमी आणि फॅट जास्त. गाईच्या दुधाची फॅट साधारण साडेतीन-चार लागते, म्हशीची सहा-सात. म्हणून म्हशीच्या दुधाला जाड साय येते. गाईचे दूध पिवळसर दिसते आणि म्हशीचे पांढरे शुभ्र. चाऱ्यातला पिवळा रंग गाईच्या दुधात उतरतो. म्हैस त्या रंगाचे अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून रंग दिसत नाही.

दुधातल्या प्रथिनांनी अंग भरते. दुधातल्या कॅल्शियमने हाडे आणि दात पक्के होतात. १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाच्या जेवणात ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरले आहे. म्हणजे आपल्या घरचे लहान दोन पेले. एवढ्यातून सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. बाकीचे इतर अन्नातून घ्यायचे.

पण दुधात सगळेच असते असे नाही. दुधात लोह फारच थोडे असते. लोह नसेल तर रक्त कमी होते, धाप लागते, अभ्यासात डोके चालत नाही. म्हणून पालेभाजी, कडधान्ये, बाजरी पण खाल्ली पाहिजे. नुसते दूध पिऊन कुणी पैलवान होत नाही.

चहाची गोष्ट

चहात दूध असते, मग चहा प्यालो म्हणजे दूध प्यालोच की, असे पुष्कळ जणांनी सांगितले. आम्ही घरी मोजून पाहिले. आमच्या चहाच्या कपात दूध दोन-तीन चमचेच असते. बाकी पाणी आणि साखर. दुसरे म्हणजे, जेवणाबरोबर किंवा जेवल्या-जेवल्या चहा घेतला तर जेवणातले लोह अंगाला कमी लागते. हे आम्हांला सिस्टरांनी सांगितले. त्या म्हणाल्या, चहा-खारी खाऊन शाळेत आलात तर भूक मरते, पोट मात्र रिकामेच राहते. लहान मुलांना चहाची सवय न लावलेली बरी.

खरे की खोटे?

घरोघरी ऐकलेल्या गोष्टी आम्ही लिहून आणल्या आणि गुरुजींना व सिस्टरांना विचारल्या.

‘चहाने माणूस काळा होतो आणि दुधाने गोरा होतो.’ खोटे. कातडीचा रंग आई-वडिलांकडून येतो. त्यात चहाचा दोष नाही आणि दुधाचे श्रेय नाही.

‘मासे खाऊन दूध प्यालं की कोड येते.’ खोटे. कोड तशाने येत नाही. ते एकाचे दुसऱ्याला लागतही नाही.

‘नागपंचमीला नाग दूध पितो.’ खोटे. नाग उंदीर-बेडूक खातो. दूध हे त्याचे अन्न नाही.

‘धारोष्ण दूध सर्वांत चांगले.’ हे लिहिताना मला जरा भीती वाटते, कारण कोल्हापुरात गंगावेशीला दूध कट्टा आहे. तेथे समोर म्हशीची धार काढून पेला देतात आणि लांबून लोक प्यायला येतात. आमच्या गावचे पैलवान पण धारोष्णच पितात. पण न तापवलेल्या दुधातून काही रोग येऊ शकतात. जनावरांचा क्षय आणि ब्रुसेलोसिस नावाचा ताप असा येतो. जनावर वरून धडधाकट दिसले तरी दुधात जंतू असू शकतात. म्हणून दूध उकळूनच प्यावे. उकळल्याने कॅल्शियम उडून जात नाही.

‘आईस्क्रीम म्हणजे दूधच.’ अर्धे खरे. वेष्टनावर ‘आईस्क्रीम’ असे लिहिले असेल तर ते दुधाच्या फॅटचे असते. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिले असेल तर त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेलाची फॅट असू शकते. आणि शाळेबाहेर मिळणाऱ्या रंगीत गारेगारमध्ये पाणी, साखर आणि रंग असतो. दूध नसते. घेण्याआधी वाचावे.

ज्यांना दूध सोसत नाही

माझ्या एका मैत्रिणीला दूध प्यालं की पोट फुगते आणि गुडगुडते. सगळे तिला ‘नाटकं करती’ म्हणायचे. सिस्टरांनी सांगितले, ती नाटके नाहीत. दुधात एक साखर असते, तिचे नाव लॅक्टोज. ती साखर काहींच्या पोटात पचत नाही. अशा पुष्कळ जणांना दही-ताक मात्र चालते, कारण विरजणातले जंतू त्यातली काही साखर आधीच खाऊन टाकतात. दूध पिऊन अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

आणि ज्यांना चवच आवडत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. गुजरातमध्ये आणंद येथे सहकारी दूध संघ मोठा करणारे डॉ. व्हर्गीस कुरियन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२१ चा. तो दिवस आपण राष्ट्रीय दूध दिन म्हणून पाळतो. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० साली ‘दुधाचा महापूर’ ही योजना सुरू झाली. १९९८ पासून दूध उत्पादनात आपला देश जगात पहिला आहे. एवढे मोठे दुधाचे काम करणाऱ्या कुरियनसाहेबांना स्वतःला दूध आवडत नव्हते! गुरुजींनी हे सांगितले तेव्हा दूध न आवडणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी म्हणाले, ‘‘मग दही खा, ताक प्या, नाचणी खा. हाडांना काहीतरी द्या.’’

ज्यांच्या घरी म्हैस नाही, त्यांनाही हे लागू आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असते. तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला यांतही ते भरपूर असते. शेवग्याचे झाड गावात पुष्कळांच्या परड्यात आहे आणि पाला फुकट मिळतो.

घरी करून पाहा

१. ताट तिरपे धरा. त्यावर दुधाचा एक थेंब सोडा. चांगले दूध सावकाश उतरते आणि मागे पांढरी रेघ ठेवते. पाणी घातलेले दूध भरकन पळते, रेघ राहत नाही.

२. दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. एकात चमचाभर विरजण घाला, दुसऱ्यात घालू नका. झाकून ठेवा. कुठे दही लागते ते पाहा. तिसऱ्या वाटीत कढत दूध घेऊन विरजण घाला. फार कढत दुधात विरजणाचे जंतू मरतात, म्हणून तिथे दही नीट लागत नाही.

पालकांना आमची विनंती

आम्ही गुणाकार-भागाकार करून पाहिला. समजा, एका घरी सकाळी ६ लिटर दूध निघते. घरात दोन मुले आहेत. प्रत्येकाला १५० मिलिलिटरचा एक पेला दिला तर ३०० मिलिलिटर झाले. ६ लिटर म्हणजे ६००० मिलिलिटर. म्हणजे विसावा भाग. एकोणीस भाग डेअरीला जातील आणि एक भाग आमच्या पोटात जाईल. एका वेळचा पेला असा मिळाला, तर दुसरा दह्या-ताकाचा मिळू शकेल.

काही आयांना वाटते, घरी दूध काढून ठेवले तर फॅट कमी लागेल. आम्ही डेअरीतल्या काकांना विचारले. ते म्हणाले, सगळी धार काढून झाल्यावर दूध ढवळून त्यातले पेलाभर काढले तर फॅट तेवढीच राहते, फक्त लिटर कमी होतात. फॅट कमी होते ती साय काढली तर. पाणी घातले तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही कमी होतात. शेवटच्या धारेत फॅट जास्त असते, म्हणून आधी सगळे दूध एकत्र करावे आणि मग पेला काढावा. किटली भरून बाहेर पडली की तिच्यातून पेला काढायचे कुणाला सुचत नाही. म्हणून किटली भरायच्या आधीच पेला बाजूला ठेवावा.

आणखी एक सांगायचे आहे. दुधाच्या प्रश्नाला जे थोडे हात वर झाले, त्यांत मुलींचे हात अगदीच कमी होते. मुलींनी सांगितले, घरी दूध थोडेच राहते, ते भावाला देतात, कारण त्याला तालमीत जायचे असते. आम्हांला चहा मिळतो. माझ्या आईलाही मी कधी दूध पिताना पाहिले नाही. धार तीच काढते. शेण-वैरण तीच करते. हाडे मुलाला असतात तशी मुलीलाही असतात आणि आईलाही असतात. गुरुजींना मी विचारले, हे लिहू का? ते म्हणाले, ‘‘अवश्य लिही. मोठ्या अक्षरात लिही.’’

आमच्या वर्गाने भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यात प्रत्येकाचे नाव आहे. ज्या दिवशी दूध, दही, ताक किंवा नाचणी यांतले काहीतरी पोटात गेले, त्या दिवशी आपल्या नावापुढे बरोबरची खूण करायची. आईने पेलाभर घेतले तर आणखी एक खूण करायची. पालकांनी जाताना तक्ता जरूर पाहावा आणि आपल्या मुलाच्या, मुलीच्या नावापुढे किती खुणा आहेत ते मोजावे.

सांगा पाहू

१. म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा पांढरे का दिसते?
२. डेअरी चीक का घेत नाही?
३. दूध न पचणाऱ्या पुष्कळांना ताक का चालते?
४. ८ लिटर दुधातून १५० मिलिलिटरचे दोन पेले घरी ठेवले, तर डेअरीला किती दूध जाईल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखातच आहेत. चौथ्याचे गणित घरी आईबरोबर करावे.